माशाच्या वाट्याचं पाणी

आमच्या घरी त्या उन्हाळ्यात दोन आजारी होते, आणि दोघांच्या तब्येती एकमेकींत अशा अडकल्या होत्या की एकाला शिंक आली तर दुसऱ्याची नाडी बघावी. एक माझे सासरे. दुसरा त्यांचा मासा.

हसा, खुशाल हसा. मीही आता हसतेच. तेव्हा मात्र पहाटे डोळा उघडला की तोंड न धुता मी आधी सोप्यात धावायचे. आधी मासा बघायचा, मग मामंजी. दोघंही हलताहेत असं दिसलं की दिवस सुरू.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे, सासूबाईंना आत्याबाई. मामंजी मूळचे दुधनीचे. सोलापुरात त्यांचं तूर-हरभऱ्याचं अडत दुकान. माल समोर ओतून बोली लावायची तर आवाज लागतो, आणि मामंजींचा आवाज असा की बाजारातली तूर किती वधारली ते आत्याबाईंना घरात कळायचं, असं माझे हे म्हणायचे. यात थोडा मीठमसाला असेल. या माणसाच्या छातीत भर लिलावात कळ आली. डॉक्टरांनी सांगितलं, दुकान बंद, जिना बंद, तेलकट बंद, आणि ओरडणं तर साफ बंद.

"मग यांनी दिवसभर करायचं काय?" आत्याबाईंनी विचारलं.

"काहीतरी शांत बघत बसू दे त्यांना," डॉक्टर म्हणाले आणि बॅग उचलून गेले. माझ्या ह्यांनी ते फार मनावर घेतलं. पुढच्या खेपेला पुण्याहून मांडीवर धरून काचेची पेटी आणली, हवेचा गुरगुरणारा पंप आणला आणि तीन मासे. एक मोठा, केशरी; दोन बारके, त्यांतला एक काळा. आमचं घर लिंगायतांचं. उंबऱ्याच्या आत कधी अंडं आलेलं नव्हतं, आणि आता सोप्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिलं काय दिसावं, तर मासे! शेजारणी दारातून वाकून बघायच्या आणि आत्याबाईंना विचारायच्या, "अक्का, हे पाळायलंय न्हवं? का...?" त्या 'का'च्या पुढचं वाक्य आत्याबाईंनी कुणाला पुरं करू दिलं नाही.

मामंजींनी पहिले काही दिवस पेटीकडे पाठ केली. "ह्यात काय बघायचं? बोलत न्हाईत, चालत न्हाईत." मग एका दुपारी केशरी मासा काचेला येऊन टेकला आणि तोंड उघडझाप करू लागला. मामंजी बराच वेळ त्याच्याकडे टक लावून बसले. मला बोलावलं. अगदी हळू आवाजात, डॉक्टरांची आज्ञा पाळून म्हणाले, "पोरी, बघ. बोली लावायलाय. आवाज तेवढा बंद केलाय कुणीतरी."

त्या दिवसापासून त्यांची खुर्ची फिरली. जेवणही पेटीसमोर. ताटातली कडक भाकरी मोडायची, एक तुकडा स्वतःला आणि एक चुरून त्याला. "दोघंबी पथ्यावरचे," म्हणायचे. डॉक्टर खूश, आत्याबाई खूश, आणि मी तर फारच खूश, कारण सासरे मला दिवसभर पुढ्यात बसवून माशाच्या मनातलं सांगायचे आणि तेवढा वेळ मला भांडी घासावी लागायची नाहीत.

आता इथे आमच्या घरच्या पाण्याबद्दल सांगायला हवं. घरात पाणी दोन जातींचं. नळाला पहाटे करंगळीएवढी धार यायची, ते प्यायचं पाणी. ते स्वयंपाकघरातल्या रांजणात. आणि परसात आड होता, त्याचं पाणी मचूळ, ते वापरायचं. आंघोळ, धुणं, भांडी, जनावरं. या दोन पाण्यांची सरमिसळ आत्याबाईंच्या राज्यात होत नसे. आडाच्या पाण्याचा तांब्या चुकून रांजणाशेजारी ठेवला म्हणून मी माझी पहिली बोलणी खाल्ली होती. तर माशांना कोणतं पाणी? यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. ते पाण्यात राहतात, पोहतात, म्हणजे पाणी वापरतात. आडाचं!

पेटी गढूळ दिसली की माझे हे आडाचं पाणी शेंदायचे आणि अर्धी पेटी बदलायचे. उन्हाळा वाढला तशी पेटी हिरवी पडू लागली. काचेवर शेवाळ. माशांचा रंग उतरला. केशरी मासा पिकल्या लिंबासारखा फिका, कल्ले मिटून घेतलेले, तळाशी बसून नुसता श्वास ओढायचा. "पाणी घाण झालं असंल," सगळ्यांचं मत पडलं. मग हे एक दिवसाआड पाणी बदलू लागले. आमच्या घरात इतकी आंघोळ दुसऱ्या कुणाची होत नव्हती. आणि जितकं पाणी बदलावं तितके मासे मलूल.

मामंजी भाकरी अर्धीच मोडू लागले. मग पाव.

एका सकाळी काळा मासा वर तरंगताना दिसला. मी पाहिला तेव्हा मामंजींनी आधीच पाहिला होता. ह्यांनी तो पळीत घेऊन परसात नेला. परत आले तर मामंजींनी विचारलं, "पुरला का नीट?"

"पुरला, अप्पा."

"बसवून?"

आमच्यात माणूस गेलं की बसवून पुरतात. हे माझ्याकडे बघू लागले, मी छताकडे. "व्हय अप्पा," हे म्हणाले. खोटं बोलायची वेळ येते ती अशी.

मामंजींनी ताट बाजूला सारलं. "ह्यो मोठा जेवला की मी जेवीन," एवढं म्हणाले. आवाज चढला नाही, रागही नव्हता. म्हणून तर आम्ही घाबरलो. हट्ट असता तर आत्याबाईंनी मोडून काढला असता. चाळीस वर्षांचा सराव होता. पण त्यांनी मनाशी हिशेब मिटवून टाकला होता, की ह्याचं जे होईल ते माझं. आत्याबाईंनी विनवलं, रागावल्या, शेवटी ताकाचा पेला ओठाला लावला, तेवढं प्यायले. मागच्या गल्लीत पद्मशाल्यांचे माग दिवसभर खटखटायचे, आणि आमच्या सोप्यात एक म्हातारा आणि एक मासा तोंड मिटून समोरासमोर बसलेले.

डॉक्टर येऊन गेले. जाताना अंगणात ह्यांना म्हणाले, "औषधं मी देईन, पण पोटात अन्न नसलं तर हे हृदय किती दिवस ओढणार?" मी दाराआड उभी होते. हातातली पाटी मी तिथेच टेकवली.

मी बी.एस्सी. होते, रसायनशास्त्र घेऊन. माझ्या लग्नात ती पदवी रुखवतात मांडल्यासारखी सगळ्यांना दाखवून झाली होती आणि नंतर लाडवांबरोबर संपली. त्या दुपारी मला ती आठवली. घाण काढून टाकली तरी घाण वाढते, म्हणजे ती येते कुठून? मी तीन ठिकाणचं पाणी घेतलं. पेटीतलं, आडातलं, नळाचं. काही सापडायचं तर दाट हवं, म्हणून प्रत्येक पाणी सारखंच मोजून, काढा करायच्या पातेल्यात एकामागून एक आटवायला ठेवलं. पहिलं पेटीतलं. आता स्टोव्ह कुठे होता? स्वयंपाकघरात. आणि स्वयंपाकघरात आत्याबाई कधी आल्या? बरोबर त्याच वेळी. नाटकातसुद्धा अशी एंट्री साधत नाही.

"काय शिजवायलीस गं?"

"पाणी."

"पाणी दिसतंय की मला. हिरवं का हाय?"

मी पदर सावरला. "पेटीतलं आहे."

त्या भिंतीला टेकल्या. "अय्यो शिवने! माझ्या घरात मासा शिजवायलीस?"

"आत्याबाई, मासा बाहेरच आहे! यात नाही!"

"मासा न्हाय, पण त्याचं समदं हाय की त्यात! खाल्लेलं, टाकलेलं, हगलेलं!"

नायट्रेटची याहून नेमकी व्याख्या मी पुढेही कुठल्या पुस्तकात वाचली नाही. पण तेव्हा मी त्यांना तसं म्हटलं नाही. म्हटलं, "मामंजींसाठी करतेय." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग नीट आटव. करपवू नको." आणि स्वतः दार लावून बाहेर पाट टाकून बसल्या, कुणी आत येऊ नये म्हणून. ते पातेलं मात्र त्याच संध्याकाळी गोठ्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी आटवलेलं पाणी औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्यांत भरून मी माझ्या जुन्या कॉलेजात गेले. रसायनशास्त्राच्या बाई तिथेच होत्या. मला बघून त्यांना वाटलं मी पेढे द्यायला आले. मी बाटल्या पुढे केल्या आणि माशाचं सांगितलं. बाई परीक्षानळ्या काढायला उठल्या.

ही परीक्षा मी विद्यार्थिनी असताना अनेकदा केली होती. पाण्यात हिराकसाचं ताजं द्रावण घालायचं, नळी तिरकी धरायची आणि काचेच्या कडेने तीव्र सल्फ्युरिक आम्ल सावकाश सोडायचं. ते खाली जाऊन बसतं. दोन थर जिथे भेटतात तिथे, नायट्रेट असलं, तर तपकिरी कडं उमटतं. तेव्हा ते उमटलं की गुण मिळायचे म्हणून आनंद व्हायचा. आज माझा हात नळीच्या लाकडी चिमट्यावर घट्ट झाला होता.

नळाचं पाणी. कडं नाही.

पेटीतलं. कडं. स्वच्छ, तपकिरी.

"आलं बघ," बाई म्हणाल्या. "माशाची घाण, उरलेलं अन्न, सगळं कुजत कुजत शेवटी यात उतरतं. ते विरून जात नाही, उडून जात नाही. साठत राहतं. मासे त्यात दमतात. पाणी बदलत जायचं, दुसरा उपाय नाही."

"बदलतो की, बाई. एक दिवसाआड!"

"कोणत्या पाण्याने?"

आम्ही दोघींनी तिसऱ्या नळीकडे बघितलं. बाईंनीच आम्ल सोडलं. आडाच्या पाण्याचं कडं पेटीतल्याहून जाड आलं. बांगडीसारखं.

म्हणजे माझा नवरा घाम गाळून घाण काढत होता आणि त्याहून जास्त घाण तितक्याच घामाने परत भरत होता.

"आडाजवळ काय आहे गं तुमच्या?"

"गोठा."

"आणि?"

"त्याच्यामागे... संडासाचा खड्डा."

बाईंनी जाऊन हात धुतले. मग म्हणाल्या, "प्यायच्या पाण्याने बदला. पण नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग, त्यात टाकलेली ब्लीचिंग पावडर उडून जाऊ दे. आणि थोडं थोडं. एकदम सगळं बदललंस तर बदलानेच मरेल. आणि हो, पुढे तुला बाळ झालं तर त्याला त्या आडाचं पाणी पाजू नकोस." मी लाजले की नाही ते आठवत नाही. मला एवढंच ऐकू आलं होतं, की थोडं थोडं. आणि घरी माणूस ताकावर होता.

मी घरी येऊन सगळं सांगितलं. हे ऐकून म्हणाले, "मला दुकानात काम हाय," आणि गेले. आत्याबाईंनी मात्र कमरेवर हात ठेवले.

"प्यायचं पाणी? माशाला? ह्या उन्हाळ्यात?"

"रांजणात रोज उरतं ते तुम्ही सकाळी भांड्यांना टाकताच की. तेच पेटीत घालू. एक दिवस राहिलेलं, अगदी हवं तसं!"

माझ्या मते हा माझा हुकमाचा एक्का होता. पण आत्याबाईंचा चेहरा लालबुंद झाला. नळाचं नवं पाणी आलं की रांजणातलं कालचं पाणी शिळं. शिळं पाणी भांड्यांना, झाडाला. पाहुण्याला नाही, देवाला नाही, आजाऱ्याला तर नाहीच. "ज्याच्यावर ह्यांचा जीव टांगलाय, त्याच्या तोंडात मी शिळं घालू? आणि उद्या काय झालं म्हंजे? मी घातलं म्हणून झालं, असं आयुष्यभर म्हणत बसू?"

"मग ताजं घालू, तर त्यात पावडर आहे. ती उडायला एक दिवस लागतो."

"एक दिवस झाला की शिळं झालं."

"शिळं झाल्याशिवाय चालत नाही!"

"शिळं मी देणार न्हाय!"

आतून मामंजींचा आवाज आला, कोरड्या पानासारखा. "साकु गं, साकु. बास करा. तो उपाशी बसलाय आणि तुमी पाण्यावर भांडा."

त्या संध्याकाळी मी निदान तळ तरी साफ करावा म्हणून रबरी नळी घेऊन पेटीशी बसले. नळीचं एक टोक तळाला, दुसरं तोंडात, ओढायचं आणि पटकन बादलीत सोडायचं. मला पटकन जमलं नाही. तोंडात काय आलं ते मी माहेरी आजतागायत सांगितलेलं नाही. तळाशी निघाला तो मात्र सगळा भाकरीचा लगदा. चुरून घातलेले घास माशांनी फारसे खाल्लेच नव्हते. ते खाली जाऊन कुजत होते.

"मामंजी, यालाही पथ्य लागलंय," मी म्हटलं. "कडक भाकरी बंद. चिमटीभर शेवयांचा चुरा, तोही खाल्ला तरच."

"मग जगायला ठेवलंय काय त्याला?" मामंजी म्हणाले. पण चुरलेली मूठ त्यांनी उघडली आणि चुरा माझ्या हातावर टाकला.

पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा मी उठून बघते तर आत्याबाई आंघोळ करून, ओलेत्या केसांनी नळाशी उभ्या. शेजारी एक नवी मातीची घागर, कालच कुंभाराकडून आणलेली असणार. रांजणात एक थेंब घालायच्या आधी त्यांनी ती घागर भरली. तोंडावर पांढरं फडकं बांधलं, देवघराच्या भिंतीशी नेऊन ठेवली आणि मला म्हणाल्या, "हे त्याचं. उद्याचं. ह्याला कुणी हात लावायचा न्हाय."

मला गप्प बसवेना. स्वभाव. "पण आत्याबाई, उद्यापर्यंत ते शिळंच..."

"उरलं ते शिळं!" त्या फणकारल्या. "हे आधी काढून ठेवलंय. आधी काढून ठेवलेला नैवेद्य कधी शिळा असतो व्हय? शिकवती मला!"

मी रसायनशास्त्राची पदवीधर. मी मान खाली घातली. या कायद्यावर अपील नव्हतं, आणि मला ते करायचंही नव्हतं.

मग वाट बघणं सुरू झालं. रोज पेटीतलं थोडं पाणी तळातून काढायचं आणि फडकं सोडून घागरीतलं घालायचं. आत्याबाई स्वतः घालायच्या, तांब्याने, काचेच्या कडेने, पाण्याचा आवाज होऊ न देता. पहिले काही दिवस काहीच फरक नाही. उलट एका दुपारी मासा एका अंगावर कलला आणि मी किंचाळायचीच राहिले. मग तो परत सरळ झाला. मामंजींचे गाल आत गेले होते. आत्याबाई पेल्यात ताकाऐवजी अंबील देऊन बघायच्या, ते कधी अर्धं संपायचं, कधी तसंच राहायचं. रात्री हे मला विचारायचे, "तुझी ती परीक्षा बरोबर असंल न्हवं?" मी म्हणायचे, "शंभर टक्के." आणि कूस वळून मनात तिसरी नळी परत परत तिरकी धरायचे. कडं नक्की पाण्याचंच होतं ना? नळी धुतलेली होती ना? कॉलेजात पाच-पन्नास मुलींपुढे चुकले असते तर गुण गेले असते. इथे काय जाणार होतं ते मला बघायला मिळत होतं, खुर्चीत बसलेलं.

शेवाळ आधी थांबलं. मग पाणी नितळ दिसू लागलं, पेटीपलीकडचं कॅलेंडर वाचता येऊ लागलं. लहान मासा एके दिवशी पंपाच्या बुडबुड्यांत शिरून खेळला. मोठा तळाशीच. मी आत्याबाईंना म्हटलं, "लहान सुधारला." त्या म्हणाल्या, "लहानाशी ह्यांचं काय देणं-घेणं?" आणि तांब्या रिकामा करून गेल्या.

असंच एकदा दुपारी, ऊन सोप्याच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं. मी सवयीने शेवयांचा चुरा पाण्यावर सोडला आणि चिमटी झटकली. मामंजी डोळे मिटून होते. मोठ्या माशाने कल्ले उघडले. आधी जागच्या जागी, मग हळूहळू, जणू कुणी दोरीने ओढतंय असा तो वर आला. चुऱ्याचा एक तुकडा तोंडात घेतला. थुंकला. त्याने परत घेतला, आणि गिळला. मग दुसरा.

मी मामंजींना हाक मारणार, तोवर माझ्या लक्षात आलं, त्यांचे डोळे उघडे होते. किती वेळ उघडे होते कोण जाणे. ते खुर्चीच्या हातावर हात टेकून जरा सरळ बसले आणि स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले, "वाढ."

आतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता, तो थांबला. आत्याबाई दारात आल्या, हात पिठाने पांढरे. त्यांनी पेटीकडे बघितलं नाही. ताट त्यांनीच आणून ठेवलं. मऊ भाकरी, पातळ आमटी. मामंजींनी तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. आमटी धोतरावर सांडत होती.

"सावकाश," आत्याबाई म्हणाल्या. "घास लागंल."

त्या तिथेच उभ्या राहिल्या, चौकटीला धरून. आतून करपल्याचा वास येऊ लागला. तव्यावरची भाकरी उलटायला मी उठले, तर त्यांनी पिठाचा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि मला खाली बसवलं.

"राहू दे गं," म्हणाल्या. "जळू दे एक."